बाहेरची फ्लॉपी

संगणक दुरुस्त करणाऱ्या बिरूने तपासणीची फ्लॉपी घातली, संगणक पुन्हा सुरू केला आणि डोळे चोळत बसून राहिला. पडद्यावर एकेक फाइलचे नाव सरकत होते. ज्या फाइलला विषाणू चिकटला असेल, तिचे नाव लाल होत होते. वाळूजच्या त्या कारखान्यातले संगणक सोमवारपासून बसले होते. माल तयार होता, पण तो बाहेर न्यायचे चलन छापून निघत नव्हते. फाटकात ट्रक खोळंबले होते.

ऑफिसात टायपिंग करणारी प्रज्ञा चहा घेऊन आली.

"बिरूभाऊ, माझ्यामुळंच झालं ना?"

संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. तिच्या भावाने तिथल्या लॅबमध्ये एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो सुरू केला की पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी नवे नाव उमटायचे. ती फ्लॉपी तिने हौसेने आणली, ऑफिसात दोघाचौघांना दाखवली. त्या फाइलला लॅबमधला विषाणू चिकटलेला होता. ती जिथे जिथे चालवली, तिथे तिथे तो शिरला.

"तुला काय ठाऊक व्हतं?" बिरू म्हणाला.

"साहेबांना मीच सांगते. माझे वडील, दादा, या नावापायी तुरुंगात गेले होते. माझी नोकरी गेली तर गेली."

"गप बस. दादांचं औषधपाणी कोण बघंल?"

चहा तसाच ठेवून तो मॅनेजर काकासाहेबांच्या केबिनमध्ये गेला. शेवटचा संगणक तेवढा राहिला होता. काकासाहेब बिडकीनकडच्या जमीनदार घरातले. नामांतराचा विषय कारखान्यात काढायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. केबिनची किल्ली त्यांच्याचकडे असे आणि तो संगणक दुसऱ्या कशालाच जोडलेला नव्हता. इथे काही निघायचे नाही, अशा हिशेबाने बिरूने तपासणी लावली.

पडदा लाल होत गेला. मधेच प्रज्ञाच्या भावाच्या प्रोग्रॅमचे नाव आले. कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती.

मागे काकासाहेब येऊन उभे राहिले.

"सापडलं का? कुणी आणली फ्लॉपी? नाव सांग."

बिरू उठला नाही. त्याने पडद्याकडे बोट केले.

"साहेब, विषाणूनं हे मशीन बी धरलंय."

काकासाहेबांची नजर पडद्यावर गेली आणि त्या प्रोग्रॅमच्या ओळीवर थांबली. ते हळूच समोरच्या खुर्चीत बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"काढून टाकावं लागंल?"

"व्हय. ठिवता नाय येणार."

बाहेर एका ट्रकवाल्याने लांबलचक हॉर्न दिला. दोघांपैकी कोणीच तिकडे पाहिले नाही.

"पुसायच्या आधी," काकासाहेब खाली बघत म्हणाले, "एकदा लावता यील?"

"बिघडायचं ते बिघडलंच हाय, साहेब."

बिरूने की-बोर्ड पुढे ओढला.

"थांब जरा," काकासाहेब म्हणाले. "प्रज्ञाला बी बोलाव."