बोटीवरच्या जेवणाचं लुगडं

लग्न होऊन शिरवणे गावात आल्या दिवसापासून सगुणाबाईंचं नेसणं बदललं नव्हतं. भाताची शेती सरकारनं घेतली, पलीकडे कंपन्या उभ्या राहिल्या, कौलांच्या घराच्या जागी चार मजले चढले आणि तळाला मोबाइलवाल्याचं दुकान भाड्यानं बसलं. एवढी उलथापालथ झाली तरी सगुणाबाईंचं लुगडं होतं तस्सं राहिलं. गुडघ्याशी आखूड, मागे घट्ट कासोटा, पदर खांद्यावरून आणून कमरेला खोचलेला. बाई चालायला लागली की वाट आपणहून बाजूला व्हायची.

आणि आता नात म्हणत होती, झगा घाल.

"झगा नाही गं आजी, गाऊन." भाविकानं तो निळाशार प्रकार पलंगावर पसरला. त्याच्या गळ्याशी चमचम होती आणि लांबी पार पायघोळ. "बोटीवर दुसऱ्या संध्याकाळी मोठं जेवण असतं. त्याला सगळे नटून येतात. आपलं ठरलंय, सगळे नेव्ही ब्ल्यू. पप्पा, मम्मी, मी, आबा. फक्त तू राहिलीस."

"जेवायला चाललो का नाटकात काम कराया?" सगुणाबाई म्हणाल्या. "एवढ्या कापडात आमच्या येळला दोन पोरींची लग्ना लागायची."

"आजी, घालून तर बघ."

"तुज्या आयशीला सांग घालाया. उलव्याच्या पोरींना सोस असतो असल्या गोष्टींचा."

सुचिता, म्हणजे सून, तिथंच उभी होती. पंचवीस वर्षं ती या घरात होती आणि पंचवीस वर्षं तिच्या माहेरच्या उलव्याचा उद्धार झाल्याशिवाय एक दिवस मावळला नव्हता. तिच्याच लग्नाच्या पंचविशीची ही बोटीची सफर होती. मुंबईहून सुटायचं, गोवा बघायचं आणि तिसऱ्या दिवशी परत यायचं. उद्या सकाळी निघायचं होतं.

सगळ्यांना वाटलं, म्हातारीचा हट्ट. वाटू दे. सगुणाबाईंना तेच हवं होतं. हट्टी म्हणून नाव असलं की माणसं खोलात जाऊन विचारत नाहीत.

खरी गोष्ट आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. गोटीराम, सगुणाबाईंचे मालक. एकेकाळी खाडीच्या बांधावर रात्रभर उभं राहून भरतीचं पाणी अडवणारा गडी. गेल्या दीड वर्षात त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी भाडेकरूंची नावं गेली, मग शेजारी, मग नात. पोटच्या प्रीतमला ते कधी मुलगा म्हणायचे, कधी तलाठी. सगुणाबाईंनी सगळ्यावर पांघरूण घातलं. "डोला लागलाय त्यांचा." "कान दुखतो, आयकू येत नाय." झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकून झाकून त्यांची बोटं आखडली होती.

कारण प्रीतमनं करंजाड्याला एक जागा बघून ठेवली होती. म्हाताऱ्या, विसरभोळ्या माणसांना सांभाळतात तिथं. गेल्या महिन्यात गोटीरामांना आंघोळ घालताना सगुणाबाईंसकट दोघंही न्हाणीत पडले आणि आतून कडी, तेव्हा प्रीतमला दार फोडावं लागलं. त्या दिवसापासून त्यानं मनात धरलं. तो वाईट मुलगा नव्हता. आईची दुखावलेली कंबर बघून त्याला रडू येत होतं. पण त्यानं सरळ सांगितलं होतं.

"आई, आबा नीट असतील तर बोटीवर नेऊ. नसतील तर तीन दिवस करंजाड्याला ठेवू. रुळले तर पुढचं बघू."

"मी ऱ्हाते घरी त्यांच्यासंगती."

"एकटी? परत पडलात तर दार कोण फोडणार? ते नाही चालायचं. आज संध्याकाळी भाविका सगळ्यांना नटवून टेबलावर बसवणार आहे ना? आबा कसे बसतात, जेवतात, मी बघतो. मग ठरवू."

सगुणाबाईंनी त्यातलं 'पुढचं' तेवढं ऐकलं. दोन वर्षांपूर्वी ताप आला म्हणून गोटीरामांना दवाखान्यात ठेवलं होतं. नळी ओढतात म्हणून तिथं त्यांचे हात बांधले. दोन दिवसांनी ते घरी आले ते मनगटावर काळे वळ घेऊन आणि निम्मं बोलणं तिथंच ठेवून. तीन दिवस करंजाड्याला राहिले, तर परत येणारं माणूस आपलं असेल का? ते दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नव्हते. सुचितानं घास पुढे केला की तोंड मिटायचे. फक्त सगुणाबाईंच्या हातून जेवायचे.

तर दुपारी सगळे बॅगा भरण्यात गुंतले, तेव्हा सगुणाबाईंनी आतून दार लावलं आणि तो झगा अंगात चढवला. का, तर संध्याकाळी घरात वाद नको आणि प्रीतमला बोलायला निमित्त नको. आरशात बघितलं. निळ्या कापडात गुंडाळलेलं गणपतीचं मखर. त्या गोटीरामांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कसा दिसतो?"

गोटीराम अंग चोरून मागे सरकले. "बाय, कोनाकडं आलीस?" त्यांनी विचारलं. "घरातली मानसं भायेर हायेत. माजी बायको येल आता. तू भायेर बस."

सगुणाबाई एक पाऊल पुढे गेल्या. "आवो, मी. मीच."

"सगुने," गोटीरामांनी दाराकडे बघून हाक मारली. घाबरलेल्या पोराची असते तशी हाक. "सगुने, बग कोन आलंय."

सगुणाबाईंनी तिथंच झगा ओरबाडून काढला. हिरव्या चौकड्याचं, लाल काठाचं लुगडं भराभर नेसल्या. ते पनवेलच्या बाजारातून गोटीरामांनीच आणलेलं होतं, प्रीतमच्या बारशाला. कासोटा मारून, पदर खोचून वळल्या, तर गोटीरामांचा चेहरा उघडला होता.

"कुटं गेलतीस गो?"

"हितंच होते," सगुणाबाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

म्हणजे हे असं होतं. तोंड गेलं होतं, आवाज गेला होता, उरलं होतं ते लुगडं. एवढ्या एका दोरीला सगळा संसार लटकलेला, आणि ती दोरी सोडून नातीच्या हौसेसाठी झगा घालायचा?

चार वाजता त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, "मी लुगडंच नेसनार. हितं बी आनि बोटीवर बी."

भाविकाचे डोळे भरले. "फोटोत तू एकटीच वेगळी दिसशील."

"दिसन. तुज्या लग्नाच्या फोटोत मेल्यावर तर दिसनारच नाय."

"आई, तिनं तिच्या पहिल्या पगारातून घेतलाय तो," सुचिता हळूच म्हणाली.

सगुणाबाईंना तिथंच थांबता आलं असतं. पण भ्यालेलं माणूस चावतं. "तू मदी बोलू नको. माज्या घरात येऊन माजं लुगडं फेडाया निगाली. पंचवीस वर्सांत तुला एक कासोटा मारता आला नाय, आनि मना शिकवते काय घालायचं ते?"

सुचितानं झगा उचलला, नीट घडी केली आणि आत घेऊन गेली. प्रीतम मोबाइल खिशात घालत म्हणाला, "बरं, नेस लुगडं. पण सहाला दोघं टेबलावर. आबांचा कोट सुचिता आणून देईल."

साडेपाचला सगुणाबाई तोंड धुऊन, कुंकू लावून, वेणीत अबोलीचा गजरा माळून खोलीत गेल्या. हातात ताटली होती, तीत मऊ भात आणि बोंबलाचं कालवण. विचार असा की आधीच थोडं भरवलं की टेबलावर म्हातारा कुरकुरणार नाही. लुगडं तेच हिरवं. कासोटा जरा जास्तच घट्ट.

"चला, दोन घास खाऊन घ्या."

गोटीरामांनी वर बघितलं. मग त्यांनी हात पुढे करून पदराचा लाल काठ चिमटीत धरला.

"ह्ये लुगडं माज्या सगुनाचं हाय," ते म्हणाले. "तुज्याकडं कसं आलं?"

सगुणाबाईंच्या हातातली ताटली तिरकी झाली. कालवण काठाशी आलं.

"मी पनवेलसून आनलंय ते," गोटीराम सांगत होते. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "ती कुनाला देत नाय. बाय, खरं सांग. ती बरी हाय ना?"

दुपारी लुगडं होतं, आता तेही गेलं. आता काय नेसायचं? कातडं काढून दाखवलं असतं तरी या माणसाला त्यात सगुणा दिसली नसती. आणि बाहेर प्रीतम घड्याळ बघत बसलेला.

त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"तिनंच दिलं," त्या म्हणाल्या. "सगुनानं. ती जरा कामात हाय. मना बोलली, माजं लुगडं नेस आनि जा, म्हंजे ते वळकतील, मी धाडलंय म्हनून. तेवडं जेवू घाल, बोलली."

गोटीरामांनी विचार केला. काठ पुन्हा चाचपून बघितला.

"तिनं धाडली?"

"तिनंच."

"मंग दे," ते म्हणाले आणि तोंड उघडलं.

सगुणाबाईंनी घास दिला. एक, मग दुसरा. आपल्याच नवऱ्याला परक्या बाईसारखं भरवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात हलला नाही. तिसऱ्या घासाला त्यांना दारात सावली दिसली. निळा कोट हातावर घेऊन सुचिता उभी होती. किती वेळ, देव जाणे. तिनं आतलं सगळं ऐकलेलं होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"जा, सांग तुज्या नवऱ्याला," सगुणाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुज्या मनासारकं झालं. करंजाड्याची गाडी बोलवा."

सुचितानं दार लोटलं. कोट खुंटीला अडकवला.

"मला गणपतीपासून माहीत आहे, आई. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणतात. मी 'हो' म्हणते."

"आनि बोलली नाय ती?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी पण नाही."

सगुणाबाई भाताचा घास कालवत राहिल्या.

"तुमच्याकडे याच काठाचं दुसरं आहे ना? जुनं, विरलेलं," सुचिता म्हणाली. "मला नेसवा."

"तुला? कशाला?"

"लुगडं असलं तर ते घास घेतात. कुणाच्याही हातून. आत्ता बघितलं मी." ती थांबली. "तुमची कंबर आणखी किती दिवस चालणार? बोटीवर तुम्हाला उलटी झाली, चक्कर आली, तर त्यांना कोण भरवणार? यांना मी सांगते, करंजाड्याला फोन करू नका म्हणून. पण मला नेसता यायला हवं."

पन्नास वर्षांचा संसार, आणि आता कुणीही नेसलं तरी चालणार होतं. कुणीही. हे ज्याचं त्यालाच कळतं. त्या उठल्या. ट्रंक उघडली. तळातून विरलेलं लुगडं काढलं, नाकाला लावलं, आणि सुनेच्या अंगावर टाकलं.

"हुबी ऱ्हा सरळ. पोट आत घे. उलव्याला काय खायला घालतात कोन जाने." त्यांनी सुचिताला गर्रकन फिरवलं, निऱ्या घेतल्या, मागे कासोटा इतक्या जोरात ओढला की सुचितानं ओठ चावला. "दुकतं?"

"नाही."

"दुकलं पायजे. त्याबिगर टिकत नाय."

बाहेरून भाविकानं हाक मारली. तिघं निघाले. मधे निळ्या कोटातले गोटीराम, दोन्हीकडे दोन लुगडी.

प्रीतम टेबलावर काटे-चमचे मांडून बसला होता. बायकोला बघून तो अर्धा उठला. सुचितानं त्याला डोळ्यांनी बसवलं. गोटीरामांना खुर्चीत टेकवून तिनं घास पुढे केला. म्हाताऱ्यानं आधी काठ बघितला, मग तिचं तोंड.

"तुला बी तिनंच धाडली?"

"हो, आबा."

त्यांनी घास घेतला. चावत चावत त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "पन ती कंदी येल?"

आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. प्रीतमचं तोंड पांढरं पडलं. भाविकाच्या हातात फोटोसाठी धरलेला मोबाइल तसाच राहिला.

"आई," प्रीतम कसाबसा म्हणाला, "किती दिवसांपासून?"

"इचारू नको. भात वाड."

"करंजाड्याला कळवा, येत नाही म्हणून," सुचिता म्हणाली. "आणि भाविका, तो निळा झगा काढून ठेव बॅगेतून. दोन लुगडी घाल."

"तीन घालू का?" भाविकानं विचारलं. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

गोटीराम अजून उत्तराची वाट बघत होते. त्यांनी टेबलापलीकडच्या अबोलीच्या गजऱ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "बाय, सांग ना. सगुना कंदी येल?"

सगुणाबाईंनी पदर कमरेला खोचला, होता त्याहून घट्ट.

"येल," त्या म्हणाल्या. "तुमी आदी जेवा."