एक दिवस पुढची तारीख

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ आणि पोटात रबरी आकड्यांचे पट्टे. ब्रसेल्समधल्या एका नगरपालिकेच्या खिडकीवर मी एकवीस वर्षं राबलो. "हा कधी खोटं बोलायचा नाही," असं कारकून जोझियानबाई कौतुकाने सांगायच्या. मित्रांनो, म्हणूनच पुढचं सांगताना माझी मान खाली जाते.

जोझियानबाईंना एक खोड होती. खिडकी बंद व्हायच्या आतच त्या माझ्यावर उद्याची तारीख लावून ठेवत.

एकतीस जुलैला शेवटची पाच मिनिटं उरली असताना देओलिंदा धापा टाकत आली. मूळची पोर्तुगालची, इथे चौदा वर्षं पहाटे कचेऱ्या पुसणारी. खाली गच्च भरलेल्या गाडीत नवरा बसला होता. ऑगस्ट उजाडला की ही मंडळी गावच्या जत्रेला निघालीच.

"थांबा हो बाई! मतदार यादीचा अर्ज. आज शेवटचा दिवस ना?"

"चौदा वर्षं झोपला होतात काय?"

"मला वाटायचं, आपण परके, आपल्याला कोण विचारतंय! परवा कळलं, युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचे असलो तरी राहतो तिथल्या पालिकेच्या निवडणुकीत आपलंही मत असतं. आता पालिकेचं पाळणाघर सहाऐवजी आठला उघडणार म्हणे. मी आणि लेक पहाटे कामावर, मग नातीला ठेवायचं कुठे?"

खालून हॉर्न वाजला.

"बोंबलू दे त्याला. रोज मीच त्याची वाट बघते."

मी अर्जावर आणि तिच्या पावतीवर उमटलो. एक ऑगस्ट! पावती न बघताच पर्समध्ये कोंबून ती पळाली.

सकाळी जोझियानबाईंनी माझे आकडे पाहिले, मग अर्ज पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं. पण चूक कबूल कोण करणार? अर्ज त्यांनी उशिरा आलेल्यांच्या गठ्ठ्यात सरकवला.

सप्टेंबरात देओलिंदा नकाराचं पत्र घेऊन आली. "माझंच चुकलं हो. जत्रेच्या गडबडीत तारीख हुकली बघा."

"होतं असं," जोझियानबाई म्हणाल्या.

निवडणूक झाली. पाळणाघर आठला उघडू लागलं आणि तिच्या लेकीने काम सोडलं. एका मताने ते टळलं असतं का, मला ठाऊक नाही. पण ते मत तिचं होतं आणि मी ते खाल्लं.

मित्रांनो, पावती वाचल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्यासारख्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका.

पुढच्या निवडणुकीला ती जूनमध्येच चार शेजारणींना घेऊन आली. "लवकर भरा गं," ती म्हणाली. "मी एक दिवस उशिरा आले होते."

ती वेळेवर आली होती.