परिच्छेद एक्केचाळीस

आयोगाच्या अंतरिम अहवालात एकशे बारा परिच्छेद आहेत. माझे वडील एक्केचाळिसाव्यात आहेत. त्यांचं नाव तिथे नाही. एवढंच आहे : "एका नागरिकास सदर बॅग दिसली होती, तथापि त्याने ती बाब वेळेत कळवल्याचे दिसून येत नाही. नागरिकांची सतर्कता अपुरी पडली, असा निष्कर्ष काढण्यास वाव आहे."

अकरा वर्षांपूर्वी अंधेरी पूर्वेच्या पारिजात शॉपिंग सेंटरमध्ये तळमजल्यावरच्या बाकाखाली ठेवलेल्या बॅगेत स्फोट झाला. बारा माणसं गेली, त्यांत माझे वडीलही. बॅग कुणी ठेवली, त्याचा खटला वेगळा चालू आहे. आयोगापुढे प्रश्न एवढाच होता, की आधी कुणाला काही कळलं होतं का, आणि कळलं असेल तर पुढे काय झालं. या प्रश्नासाठी आयोगाला नऊ वेळा मुदतवाढ मिळाली आणि त्यात एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. संध्याकाळी सहा चाळीसला माझ्या वडिलांनी, धोंडिरामांनी, आईला फोन केला होता. बाकाखाली कुणाची तरी बॅग पडलीय, सांगून येतो आणि मग निघतो, असं ते म्हणाले. स्फोट सहा बावन्नला झाला.

हे आयोगाला आईनेच सांगितलं. तपासाला मदत होईल म्हणून. मदत झाली; त्यातून परिच्छेद एक्केचाळीस तयार झाला.

अहवाल आल्यापासून आई सुनावणीला यायची थांबली. अकरा घरची माणसं तिथे बसतात, त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू, असं ती म्हणायची. अहवालातलं ते वाक्य चुकीचं आहे, असं मी तिला बऱ्याचदा सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं असे : छापलंय ना.

पाण्याचे नमुने तपासणं हे माझं काम. मोजल्याशिवाय मी असं वाक्य लिहिलं असतं तर आमच्या प्रयोगशाळेत माझा अहवाल परत आला असता. आयोगाच्या अहवालातून हे वाक्य काढावं म्हणून मी सहा अर्ज केले. सहाही अर्जांची नोंद घेण्यात आली, असं मला सहा वेळा कळवण्यात आलं.

आयोगाचं कार्यालय मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात आहे. खालच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं छापतात. मशीन चालू असलं की साक्षीदाराला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं, आणि टंकलेखनिक बाई कधीकधी दोन्ही वेळचं टाइप करतात. म्हणून आमच्या साक्षी लांब दिसतात.

दहावी मुदतवाढ मागायची तर काहीतरी प्रगती दाखवायला हवी होती. सचिव अनिरुद्ध साहेबांनी मार्ग काढला. घटनेची पुनर्रचना करायची. मूळ जागी ते शक्य नव्हतं. पारिजात पाडून तिथे बावीस मजली टॉवर उभा राहिला होता आणि तिथल्या सोसायटीने स्फोटाला आत घ्यायला नकार दिला. तेव्हा आरे कॉलनीतलं एक मोकळं मैदान ठरलं. परवानगीच्या फॉर्मवर 'विवाह', 'क्रीडा' आणि 'इतर' असे तीन रकाने होते. 'इतर'ला तीन महिने लागतात असं कळल्यावर साहेबांनी 'क्रीडा'वर खूण केली.

त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सहदेव नावाचा माणूस फक्कीने तळमजला आखत होता. तो एरवी मंडळांची कबड्डीची मैदानं आखतो. काम स्वच्छ होतं, कोपरे काटकोनात होते. बाहेरच्या भिंतींच्या रेषा झाल्यावर त्याने साहेबांना विचारलं, "बोनस लाइन पण मारू का?"

साहेबांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि सध्या नको म्हणाले.

प्रत्येक मृताच्या जागी एक वर्तुळ होतं आणि त्यात त्या घरातल्या एकाने उभं राहायचं होतं. आम्हाला सूचनापत्रक दिलं होतं. शिट्टी एक : प्रारंभ. शिट्टी दोन : घटना. दुसऱ्या शिट्टीला आधी 'पडावे' असं छापलं होतं. ते पेनने खोडून 'बसून घ्यावे' केलं होतं. बाक म्हणून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडल्या होत्या आणि त्यांच्याखाली साहेबांची लॅपटॉपची बॅग ठेवली होती. साहेबांचं तिच्यावर सारखं लक्ष होतं. मूळ बॅगेकडे एवढं कुणी पाहिलं नव्हतं.

वर्तुळं अकरा होती.

मी यादी पाहिली. बाराव्या ओळीत बाबांचं नाव आणि पुढे 'जागा नोंद नाही' असं होतं. स्फोटानंतर कुणीतरी त्यांना उचलून पंचनाम्याआधीच बाहेर आणलं होतं, कुठून ते कुणी लिहिलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं, मी कुठे उभी राहू. त्यांनी आस्थेने इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही त्या झाडाखाली थांबा ना मॅडम. सावली आहे."

चौथ्या वर्तुळात वनमालाकाकू होत्या. त्यांचा नितेश तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि मोबाइलचं कव्हर घ्यायला गेला होता. शिपाई त्यांना वर्तुळाच्या आत राहायला सांगत होता आणि त्या वैतागल्या होत्या. "अरे, माझो नितेश कधी एका जाग्यार उभो रवलो नाय, मी कशी रवू?" मग मला झाडाखाली पाहून म्हणाल्या, "आणि तू गो बाय? तुका नाय गोल?"

मी आयोगाच्या न्यायमूर्तींकडे गेले. ते मांडवात पंख्यासमोर बसले होते. सज्जन माणूस, नेमणूक झाली तेव्हा सत्तरीचे होते. मी म्हटलं, वडिलांनी फोन बाकापासून केला आणि 'सांगून येतो' म्हणाले. म्हणजे त्यांची जागा एक नाही, एक मार्ग आहे. मी बाकापासून सुरू करते आणि सांगायला जाते. त्यांनी हरकत नाही म्हटलं.

सांगायला जायची एकच जागा होती, सुरक्षारक्षकाचं टेबल. तिथे आयोगाचा कारकून सुबोध हजेरीपत्रक घेऊन बसला होता. तो तिथे आमच्या सह्या घ्यायला बसलेला, म्हणून साहेबांनी त्यालाच सांगितलं होतं की तू चौकी. म्हणजे मी काय करायचं सर, असं त्याने विचारलं होतं. काही नाही, बसायचं, असं उत्तर मिळालं होतं.

सकाळी अकरा वीसला आमचे सहा चाळीस वाजले. सहदेवने शिट्टी वाजवली.

मी खुर्च्यांपासून निघाले. टेबलापर्यंत तेवीस पावलं झाली. पुढे वर्तुळात नसलेले दोन नातेवाईक होते, प्रवासभत्त्याच्या कागदावर सही करायची राहिलेले. त्यांचं आटपायला तीन मिनिटं गेली. मग मी म्हटलं, "साहेब, तिकडे बाकाखाली एक बॅग आहे. कुणाची आहे कळत नाही."

सुबोध हजेरीपत्रकावर पट्टीने रेघ मारत होता. त्याने मान वर केली नाही.

"लिहून द्या," तो म्हणाला.

मी कागद मागितला. त्याने खण उघडून पाच मिनिटं शोधला; कोरा मिळेना, तेव्हा एक पाठकोरा दिला. कुणाच्या नावे, मी विचारलं. सुरक्षा अधिकारी, तो म्हणाला, आणि डावीकडे समास सोडा. मी लिहायला लागले. प्रति. दिनांक. विषय : बाकाखाली बेवारस बॅग असल्याबाबत. अर्ज कसा लिहायचा ते मला बाबांनी पाचवीत शिकवलं होतं. ते तेहेतीस वर्षं एका सरकारी कचेरीत होते, शेवटची नऊ हेडक्लार्क. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि कुणी लिहून मागितलं तर त्यांना बरं वाटायचं; समोरचा काम गांभीर्याने घेतोय असं ते समजायचे.

'महोदय, सविनय सादर करण्यात येते की' इथपर्यंत मी आले होते तेव्हा दुसरी शिट्टी झाली.

मैदानावर अकरा माणसं आपापल्या वर्तुळात बसली. काही म्हातारी होती, त्यांना वेळ लागला. मी टेबलापाशी पेन घेऊन उभीच होते. सुबोधने पहिल्यांदा वर पाहिलं, माझ्याकडे, मग माझ्या कागदाकडे. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "मी सवयीने बोललो हो."

न्यायमूर्ती पंखा सोडून उन्हात आले. मी त्यांना कागद दाखवला आणि वेळा सांगितल्या. सगळ्या माझ्या घड्याळावर होत्या. अनिरुद्ध साहेब म्हणाले, हे आज घडलं, त्या दिवशी असंच घडलं हे कशावरून? एका कारकुनाच्या सवयीवरून काही ठरत नाही.

मला ते पटलं. एका नमुन्यावरून आम्हीही निकाल देत नाही. मी म्हटलं, पुन्हा करू. टेबलावर दुसरं कुणी बसवा, आणि त्याला आधी सगळं सांगा.

न्यायमूर्तींनी साहेबांनाच बसायला सांगितलं.

साहेब तयारीने बसले. शिट्टी झाली, मी तेवीस पावलं चालून आले, बॅगेचं सांगितलं. त्यांनी हसून ऐकून घेतलं, लिहून द्या असं मुळीच म्हणाले नाहीत. तुम्ही जागरूक नागरिक आहात, असं म्हणाले. मात्र हा विषय व्यवस्थापकांच्या अखत्यारीत येतो, ते जेवून येतील. तोवर नाव, पत्ता आणि आपला बॅगेशी संबंध एवढं या वहीत नोंदवून ठेवा. मी नोंदवत असताना शिट्टी झाली. अकरा माणसं पुन्हा बसली.

तिसऱ्यांदा बंदोबस्ताच्या हवालदाराला बसवलं. तो एवढंच म्हणाला, "बॅग तुमची नाही ना ताई? मग लिहून आणा तसं."

तिसऱ्या वेळच्या शिट्टीनंतर सगळे उठले, वनमालाकाकू उठल्या नाहीत. शिपाई हात द्यायला गेला, त्यांनी तो घेतला नाही. फक्कीत बसूनच त्या न्यायमूर्तींना म्हणाल्या, "साहेबानु, पुरे करा. आज माझो झील तीनदा गेलो."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. मग पुनर्रचना संपल्याचं त्यांनी जाहीर केलं.

मी माझी फाइल उघडली. बाबांच्या वस्तू आम्हाला परत देताना केलेली यादी त्यात होती. वर्षानुवर्षं मी ती घेऊन फिरत होते आणि चष्मा, पाकीट, किल्ली यांच्यापुढे कधी नीट वाचली नव्हती. पाचवी वस्तू होती, 'पेन एक, टोपण नसलेले'. मी न्यायमूर्तींना सांगितलं, की माझे वडील वापरून झालं की पेनाला टोपण लावल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. घरात आम्ही सगळ्यांनी त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. ते पेन उघडं होतं, कारण ते लिहीत होते.

न्यायमूर्तींनी यादी हातात घेऊन वाचली. मग सहदेवला बोलावून सांगितलं, टेबलासमोर एक वर्तुळ काढ. सहदेवने काढलं. अनिरुद्ध साहेबांनी त्याला अडवून खालच्या आवाजात काही सांगितलं, आणि सहदेवने पायाने फक्की मध्येमध्ये पुसून त्याची तुटक रेषा केली. सिद्ध न झालेलं तुटक रेषेने दाखवायचं असतं. नकाशांचा नियमच आहे तो, मी वाद घातला नाही.

दुसरा अंतरिम अहवाल चार महिन्यांनी आला. पुनर्रचना यशस्वी झाल्याचं आणि सर्व संबंधितांनी सहकार्य केल्याचं त्यात पहिल्याच पानावर होतं. दहावी मुदतवाढ मिळाली. परिच्छेद एक्केचाळीस बदलला होता : "सदर नागरिक बॅगेबाबतची माहिती कळवण्याच्या प्रक्रियेत होता." सतर्कतेचं वाक्य गेलं होतं. सदर नागरिक कुणाला कळवत होता, आणि त्याला लिहायला कुणी सांगितलं, याबद्दल काही नव्हतं. मी सुबोधला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, मसुद्यात मी घातलं होतं. वरच्यांनी काढलं. टेबलावर कोण होतं हे आपल्या कार्यकक्षेत येत नाही म्हणाले.

घरी आईला पान दिलं. तिने ते खिडकीपाशी नेऊन वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"प्रक्रियेत," ती म्हणाली. "त्यांना आवडला असता हा शब्द."

मी तिला सांगितलं की अर्धंच काम झालंय, त्या टेबलावरच्या माणसाचं नाव अजून कुठेच नाही. तिने मान हलवली. मग विचारलं, वनमालाबाई येतात का गं अजून? मी म्हटलं, एकही तारीख चुकवत नाहीत.

पुढची तारीख मंगळवारी होती. आई इस्त्रीची साडी नेसून माझ्याबरोबर मरोळला आली, दोन जिने थांबत थांबत चढली. वनमालाकाकूंनी तिला दारात पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. आई तिथे जाऊन बसली. खाली मशीन सुरू होतं. सुनावणी नऊ मिनिटं चालली आणि पुढे ढकलली गेली. आम्ही बाकीचे निघालो तरी त्या दोघी बसूनच होत्या, एकमेकींना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत.