तरंगणारा लोखंडी क्रूस

दरवर्षी जानेवारीत पाद्री तुंजा नदीत लाकडी क्रूस टाकतो आणि तरणे गडी बर्फाळ पाण्यात उड्या घेऊन तो काढतात. ज्याच्या हाती लागेल त्याला वर्षभर आरोग्य. यंदा गावच्या नशिबी रोग बरे करण्याचा दावा करणारे पंतालेईबुवा आले. लाकडाने त्यांचं भागेना. त्यांनी लोखंडी क्रूस आणला, त्याला लोहचुंबक चिकटवून दाखवलं आणि नदीत भिरकावला. क्रूस तरंगला. बायका रडू लागल्या.

"पाप जड असतं," बुवा म्हणाले. "या लोखंडातलं मी काढलं, तुमच्या रक्तातलंही काढीन. फक्त त्या सुया-गोळ्या सोडा."

पूर्वी बुवा जुन्या मोटारी विकत. तेव्हाही इंजिनाबद्दल ते याच सुरात बोलत.

गर्दीत पुढेच देन्का उभी होती. बुवांचं ऐकून तिने चार दिवस इन्सुलिन टोचलं नव्हतं. ओठ सुकले होते, धड उभं राहवत नव्हतं. तिला ओढून न्यायला आलेली लेक, रादोस्तिना, पोरांनी काठावर आणलेला क्रूस पाहून थबकली. कडेच्या सांध्याची वाकडी रेघ तिच्याच हातची होती. शरदात 'दुकानाच्या शोभेसाठी' म्हणून आलेलं ते काम तिनेच भट्टीतून काढलं होतं. तिला स्वतःचीच शरम वाटली.

ती जिथे काम करी त्या शेजारच्या कारखान्यात गेली, करवत आणि भंगाराची पिशवी घेऊन आली आणि बुवा अडवेपर्यंत क्रूसाचे दोन तुकडे केले. वर पत्र्याची पातळ साल, आत पावासारखी जाळीच जाळी. बुवांनी अर्धा तुकडा पाण्यात टाकला. तोही तरंगला.

"पाहिलंत? कापला तरी पाप शिरलं नाही."

रादोस्तिनाने पिशवी नदीत उपडी केली. सगळं भंगार तरंगू लागलं.

"हे मोटारीच्या बंपरचे बाद तुकडे. परवाच शिव्या घालत फेकले होते. यांचं पाप कोणी काढलं, बुवा?"

लोक हसले. मग तिने सांगितलं, क्रूस आणि हे तुकडे एकाच रीतीने बनतात: अॅल्युमिनियमच्या भुकटीत वायू सोडणारी पूड मिसळतात, दाबून भट्टीत घालतात, आणि वितळता वितळता ती कणकेसारखी फुगते. वरून पोलादी पत्रा, म्हणून चुंबक चिकटतं. आत बहुतेक हवाच, म्हणून तरंगतं. बुवा आपल्या मोटारीकडे निघाले होते.

"पण तरंगला तर खरा," देन्का पुटपुटली.

"तरंगला, आई. तू इन्सुलिन घेतलंस काय, न घेतलंस काय, तो तरंगणारच. त्याला तुझं काही पडलेलं नाही. मला पडलंय."

देन्काने बाही वर केली. रादोस्तिनाने रक्तातली साखर मोजली, सुई टोचली आणि तिला थेट इस्पितळात नेलं.

डोळ्यांना दिसलं ते खोटं नसतं. त्याचं कारण सांगणारा खोटा असू शकतो. म्हणून नमस्कार करण्याआधी वस्तू कापून बघावी. कापू न देणाऱ्याच्या सांगण्यावरून औषध तर मुळीच सोडू नये.