सकाळची पुडी

आईने मोरंब्याच्या बरणीचं झाकण एका पिळाने उघडलं आणि चमचा आत घातला. ओट्याला टेकून उभी असलेली रेवा बघत राहिली. गेल्या वर्षी हीच बरणी आईने न बोलता तिच्यापुढे सरकवली होती.

"बघतेस काय अशी?" जयवंती म्हणाली. "हात माझेच आहेत गो बाय."

तीन वर्षं ते तिचे नव्हते. मनगटं, खांदे, मांड्या, कधी सगळं एकदम. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायला पाऊण तास लागायचा. रक्त तपासलं, एक्स-रे झाले, एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. मस्कतमध्ये रुवी भागातल्या एका डॉक्टरांनी वय सांगितलं, दुसऱ्यांनी चालायला सांगितलं, तिसऱ्यांनी मन रमवायला. रिपोर्ट चांगले आले म्हणून कोणी आनंद दाखवला की आई मान डोलवायची आणि घरी येऊन फाइल गादीखाली सारायची. आपल्याला काहीच झालेलं नाही, हे तिला सर्वांत जास्त दुखायचं.

मग नोव्हेंबरात समोरच्या फ्लॅटमधल्या फरिदाच्या नणंदेने रत्नागिरीकडून पुड्या पाठवल्या. वहीच्या रेघी कागदात बांधलेल्या साठ पुड्या, पिवळट भुकटीच्या. रोज सकाळी एक, कोमट पाण्यातून. चौथ्या दिवशी आई जमिनीवर मांडी घालून बसली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मस्कतला येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून पुड्या येत होत्या. त्या बांधणारा माणूस कोण, हे इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आई आता रोज संध्याकाळी दार्सैतच्या कृष्णमंदिरात पायी जायची आणि पायीच परत यायची.

रेवा सोहारला पाण्याचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. तीन महिन्यांनी ती घरी आली होती, त्यामुळे रोज बघणाऱ्यांना जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं. आईचा चेहरा गोल झाला होता, पण हात बारीक झाले होते. कोपराखाली जांभळे डाग होते. कशाला आपटलीस म्हणून विचारलं तर आईला आठवेना.

फरिदा दुपारी बिर्याणीचा डबा घेऊन आली आणि आईची हनुवटी धरून रेवाला दाखवू लागली.

"कसे गाल भरलेत बघ तुझ्या मम्मीचे. सासरहून माहेरी आल्यासारखी दिसते."

"तुझीच कृपा," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

शनिवारी निघताना रेवाने दोन पुड्या पर्समध्ये टाकल्या. बाबा खाली गाडीपर्यंत आले. रामकृष्ण अठ्ठावीस वर्षं एका कंपनीच्या एसी यंत्रणा सांभाळत होते; बिघाड दिसला की हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. उन्हात तापलेल्या गाडीचं दार उघडून धरत त्यांनी विचारलं, काय झालं, तू दोन दिवस गप्प का.

तिने सांगून टाकलं. पुडीत नुसती मुळ्यापाल्याची भुकटी नाही, बहुधा कोणीतरी स्टेरॉइड कुटून मिसळलंय. मैत्रिणीकडून तपासून घेते. तोवर आईला काही सांगू नका, तिचा जीव त्या पुडीत आहे.

"म्हणजे विषच."

"आत्ता नक्की सांगता येत नाही. पण ते पोटात जायचं जितक्या लवकर थांबेल तितकं बरं."

बाबांनी मान हलवली. गाडीचं दार लावून दिलं.

तिची मैत्रीण महेक औषधं तपासणाऱ्या लॅबमध्ये होती, पण यंत्राला रांग होती. रेवाचा पुढचा शुक्रवार-शनिवार ड्यूटीत गेला. रोज संध्याकाळी ती फोन करायची. पहिल्या दोन दिवसांत आईने देवळातल्या भजनाचं, फरिदाच्या सुनेचं सगळं सांगितलं. मग बोलणं आखूड होत गेलं. अंग पुन्हा दुखायला लागलंय, म्हणाली. जेवण नको वाटतं. रविवारी ओकारी झाली. सोमवारी देवळात गेली नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, कोणालाही नको झालं असतं, असं बाबा मागून म्हणाले.

"पुडी घेतेस ना?" रेवाने विचारलं. विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"घेते की. आता बाबाच आणून देतात, पाण्याच्या पेल्यासकट. म्हातारपणी प्रेम आलंय."

बुधवारी संध्याकाळी फोन बाबांनी उचलला. आई झोपली होती. सात वाजले होते.

गुरुवारी सकाळी महेकचा निरोप आला. दोन्ही पुड्यांत स्टेरॉइडच होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. रेवा छापील कागद घेऊन लॅबजवळच्या दवाखान्यात डॉक्टर सुरैयांकडे गेली. त्यांनी आकडा बोटाने दाबून धरला आणि किती महिने, असं विचारलं. सात, रेवा म्हणाली.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. शरीर स्वतःही हे थोडं तयार करत असतं. बाहेरून इतकं मिळत राहिलं की ते काम बंद करतं. विसरतंच म्हणा. म्हणून पुडी एकदम तोडायची नाही. तोडली तर अशक्तपणा, उलट्या, मग ब्लडप्रेशर कोसळतं, आणि माणूस जातो. आपण मोजून गोळी देऊ आणि कित्येक महिन्यांत उतरवत आणू.

"रविवारी घेऊन ये. तोपर्यंत रोजची पुडी चालू राहू दे. एक दिवससुद्धा चुकायला नको."

रेवाने तेव्हाच घरी फोन केला. कोणी उचलला नाही. तिने अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली. ओकाऱ्या, झोप, तुटलेली भूक हे सगळं तिच्या डोक्यात होतं, पण ते जुळत नव्हतं. पुडी तर चालू होती. वाटेतलं बर्का गाव मागे पडेपर्यंत तिने तीन वेळा फोन लावला. आई रोज ती पुडी घेते, या गोष्टीचा तिला पहिल्यांदाच आधार वाटत होता.

चार वाजता बाबांनी दार उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. फोनचा आवाज त्यांनी मुद्दाम बंद ठेवला होता, आईची झोपमोड नको म्हणून.

"बाबा, रिपोर्ट आला. तुम्ही ऐका—"

"मला माहीत आहे काय आलं असेल ते." ते कुजबुजत होते, पण आवाजात उत्साह मावत नव्हता. "तू गेलीस, त्या मंगळवारीच काम केलं. ती देवळात होती. सगळ्या पुड्या उघडून रिकाम्या केल्या, सुंठ आणि चिमूटभर हळद घातली, त्याच घड्यांवर कागद परत मिटले. आज दहावा दिवस. तिला पत्तासुद्धा नाही. फोनवर कसं सांगणार, ती शेजारीच असते."

रेवाने ओट्याखालचा केराचा डबा पुढे ओढला.

"आतली भुकटी कुठे आहे?"

"बेसिनात ओतली. तूच म्हणालीस ना, पोटात जायला नको."

तिने पर्स ओट्यावर उलटी केली. किल्ल्या, पेन, घडी केलेला रिपोर्ट. दोन्ही पुड्या महेकने यंत्राला घातल्या होत्या.

आत पडदे ओढलेले होते. आई कुशीवर होती. रेवाने हाक मारली. दुसऱ्या हाकेला पापण्या हलल्या, तिसरीला डोळे उघडले. कपाळ गार आणि ओलं होतं. मनगटावर नाडी शोधायला रेवाला वेळ लागला, आणि सापडली तेव्हा ती मोजता येईना.

"सकाळ झाली?" आईने विचारलं. "पुडी घ्यायचीय."

बाबा दाराशी येऊन उभे राहिले होते. रेवाने आईच्या पाठीखाली हात घातला.

"बाबा, त्या बाजूने धरा. गाडीत घालायचंय."

"अगं, झोपू दे की जरा," ते म्हणाले. कोणीतरी शाबास म्हणेल म्हणून आलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर अजून तसंच होतं. "विष उतरतंय तिचं."