तळ कोरडा होईना

अकरा दिवस पावसाने झोडपल्यावर आमच्या होडीत मासे पाळता आले असते. किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवलेली, वरून ताडपत्री, तरी आत गुडघाभर पाणी. मंगळवारी पाऊस एकदाचा थांबला. मी डब्याने उपसून उपसून कंबरेचा काटा ढिला करून घेतला, तळाच्या सुट्या फळ्या उन्हात टाकल्या, फडक्याने सगळं पुसून काढलं. बुधवारी सकाळी बघते तर मागच्या टोकाला पुन्हा दोन बोटं पाणी.

बाबा म्हणाले, लाकूड पाणी पितं आणि मग सावकाश सोडतं. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस, त्याच्यापुढे मी काय बोलणार? पुन्हा पुसलं. गुरुवारी पुन्हा पाणी.

गेल्या हंगामात बाबा होडीतून पडले आणि त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. आता होडी मी चालवणार, सोबत आत्या, असं घरात ठरलं होतं. पण शनिवारपर्यंत ती पाण्यात उतरली तरच. नाही तर हंगामभर चुलतभावाकडे. आणि तळ कोरडा झाल्याशिवाय फटी दिसत नाहीत, फटी बघितल्याशिवाय होडी उतरवायची नाही, हा बाबांचा नियम. ते तळाला तळवा टेकवणार आणि सांगणार. त्यावर अपील नाही.

चुलतभावाला सगळे शिट्टी म्हणतात. तो रोज शिट्टी वाजवत यायचा, होडीभोवती एक फेरी मारायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. मला त्याच्या तोंडात फडकं कोंबावंसं वाटायचं. बाकीच्यांच्या होड्या केव्हाच गेल्या होत्या. मी घरात बसू शकत नव्हते, किनाऱ्यावर उभी राहू शकत नव्हते, जेवताना उठून ऊन आहे ना ते बघून यायचे. आत्या म्हणाली, तुझ्या पायाला चाकं लावली तर इंजिनाचं डिझेल वाचेल. सकाळी चहाच्या वेळी किटली जागेवर नसते, सापडते तर बुडाला वाळू, अशीही तिची कुरकूर चालू होती. मी तिच्यावरच खेकसले, की इथे माझा हंगाम जायची वेळ आली आणि तुला किटलीचं पडलंय.

शुक्रवारी पुन्हा पाणी. फडकं पिळलं तर हाताला काळे बारीक कण लागले. वाळू वाटली, म्हणून बोटांत चुरडले. चहाचा चोथा होता.

तळपायाची आग मस्तकात गेली, पण दिवसभर मी तोंड मिटून ठेवलं. शनिवारी उजाडताना होडीच्या आडोशाला जाऊन बसले. थोड्या वेळाने बाबा आले. बादली उचलता येत नाही म्हणून डाव्या हातात किटली. त्यांनी ती काठावरून आत रिकामी केली आणि पुन्हा भरायला नळाकडे वळले, तेव्हा मी समोर उभी राहिले.

बाबा दचकले नाहीत. म्हणाले, फार वाळलं तर लाकूड आकसतं, फटी उघडतात, थोडी ओल लागतेच. मग माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणाले, "एवढी लागत नाही."

"किती दिवस ओतणार होतात?"

"आजच्या दिवस." ते वाळूत बसले. "मी पडलो तेव्हा होडी लांब लांब जात होती आणि माझा हात उचलेना. तू तिच्यात बसणार म्हटलं की मला तेच दिसतं. भीती वाटते गं."

"आणि शिट्टी बुडला तर चालेल?"

बाबांनी किटली बाजूला वाळूत टेकवली. मग म्हणाले, "तो माझा नाही."

मला रडूही येत होतं आणि किटली समुद्रात भिरकावून द्यावीशीही वाटत होती. मी फडकं त्यांच्या मांडीवर टाकलं. ते उठले आणि डाव्या हाताने तळ पुसायला लागले.

दुपारपर्यंत आम्ही एकेक फट बघितली. जिथे दाभण आत गेलं तिथे मी कापूस ठोकला, बाबांनी तीच जागा दोनदा चाचपली. आत्या पातेल्यातच चहा घेऊन आली, वाळूतल्या किटलीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि किटलीच्या बुडाची वाळू झटकून ती काखेत मारली. शिट्टी आला तो शिट्टी न वाजवता ओंडक्यापाशी उभा राहिला.

सगळं झाल्यावर बाबांनी मागच्या टोकाला, जिथे रोज ओतत होते तिथेच, तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हात उचलला, शर्टाला पुसला, आणि शिट्टीला म्हणाले,

"कोरडी आहे. ये, ढकलायला हात लाव."

शर्टावर त्यांच्या हाताचा ओला ठसा उमटला होता. मी दुसऱ्या बाजूला जाऊन होडीला खांदा लावला.