मागाल तेव्हा एक पेनी

मी एक जुनी तांब्याची पेनी आहे, पण राजाची नव्हे. मित्रांनो, माझ्यावर राजाचं डोकं नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या एका खाणीचं इंजिनघर आहे आणि भोवती अक्षरं आहेत: ‘मागाल तेव्हा एक पेनी देऊ.’

दोनेकशे वर्षांपूर्वी, त्या काळी, सुट्ट्या नाण्यांचा दुष्काळ होता. मजुरी द्यायला नाणीच नाहीत, म्हणून खाणमालकानं आम्हाला पाडून घेतलं. तांबं त्याच खाणीतलं. मी अंगानं भरदार, लखलखीत होते आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता.

लव्हडे नावाची एक बाई खाणीच्या तोंडाशी हातोडीनं तांब्याचे दगड फोडायची. तिचा नवरा जोसाया खाली उतरायचा आणि वर येऊन खोकत बसायचा. एक गाढव घ्यावं, त्यावर लादून जोसायानं गावोगाव मासे विकावेत, म्हणजे खाण सुटेल, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी ती आम्हाला मोज्यात साठवी. राजाची झिजकी नाणी हाती आली, तर तीही देऊन आम्हालाच घेई.

“अगं, राजाचं नाणं ते राजाचं नाणं,” जोसाया म्हणे.

“राजाला कुणी पाहिलंय? म्हणे वेडा झालाय! हा दगड मी माझ्या हातानं फोडलाय.”

गाढवाला आठच पेन्या कमी होत्या, तेव्हा हुकूम आला: खासगी नाणी बंद, ज्यानं काढली त्यानंच परत घ्यावीत. लव्हडे मोजा घेऊन कचेरीकडे धावली. दाराला कुलूप होतं. मालक गाशा गुंडाळून गेला होता.

गाढववाल्यानं मला चावून पाहिलं. “माल चोख आहे हो, पण भंगारात घाला.”

त्या हिवाळ्यात पावासाठी माझ्या बहिणी भंगारात गेल्या. दोघीच उरलो. जोसाया दुसऱ्या, आणखी खोल खाणीत उतरू लागला. वसंतात त्याचा खोकला थांबला.

मेलेल्याच्या डोळ्यांवर पेन्या ठेवायच्या आणि पुरण्याआधी काढून घ्यायच्या, ही तिथली रीत.

“काढ गं त्या,” शेजारची थॉमझिन काकू म्हणाली.

“काढून काय करू, काकू? कोण घेतंय?”

मी अजून त्याच्यापाशी आहे. हिरवी पडले, पण अक्षरं शाबूत आहेत. मित्रांनो, शब्द देताना जपून द्या. देणारा निघून जातो आणि शब्द आमच्या अंगावर राहतो. ‘मागाल तेव्हा’ असं लिहिलं होतं. लव्हडेनं मागितलं होतं.